बोटीची मोटर जळाली म्हणण्याआधी पंखा काढून बघा : वाचकांचे प्रश्न आणि वर्कशॉपची उत्तरं

मागच्या अंकात विहिरीतल्या सबमर्सिबल पंपाच्या सीलवर लिहिलं होतं. ते वाचून उजनी धरणाच्या काठावरून प्रश्न यायला लागले की बोटीला लावायच्या इलेक्ट्रिक मोटरीचं पण सांगा की ओ. दुकानात ट्रोलिंग मोटर म्हणून मिळते ती, १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी, क्लॅम्पने बोटीच्या कडेला अडकवायची, खाली पाण्यात मोटर आणि पंखा, वर हँडल. म्हणून हा सगळा कॉलम त्याच मोटरीला दिला. नावं छापत नाही, गाव किंवा तालुका तेवढा देतो.

प्रश्न : मी केत्तूरचा, उजनीवर मासेमारी करतो. ५५ पौंड रेट्याची सेकंडहँड मोटर घेतली. पहिल्यांदा झकास चालली, आता पाच नंबरला, म्हणजे फुल स्पीडला टाकली तरी जोर नाही, नुसती घूं घूं करते, बॅटरीची वायर हाताला चटका देते. गावातला वायरमन म्हणतो आर्मेचर (आत फिरणारा, तांब्याच्या तारा गुंडाळलेला गाभा) जळालंय, नवीन मोटर घ्या. मी उघडली तर आतून काळं पाणी आलं. काय करू?

मालक, ते काळं पाणी बघूनच निम्मं उत्तर मिळालं. मोटर जळाली नाही, बुडाली. म्हणजे आत पाणी गेलंय, कार्बनची, म्हणजे आर्मेचरला घासून करंट देणाऱ्या ब्रशची, भुकटी त्यात कालवली गेली आणि तो चिखल कम्युटेटरच्या (कार्बन टेकतो तो आर्मेचरवरचा तांब्याचा गोल भाग) पट्ट्यांमधल्या फटीत जाऊन बसला. त्या चिखलातून करंट इकडून तिकडे पळतो, जोर मिळत नाही आणि अँपिअर मात्र ओढत राहते, म्हणून वायर तापते. असली मोटर माझ्याकडे आली की मी आधी वाइंडिंगकडे बघतच नाही, पंख्याकडे बघतो. तुम्ही पण तेच करा.

बॅटरीची वायर आधी सोडा, स्विच बंद आहे म्हणून चालणार नाही, वायरच काढून बाजूला ठेवा, कारण ५५ पौंडाच्या मोटरीचा पंखा हाताचं बोट सोडत नाही. मग पंख्याचा नट काढा. निघत नसेल तर एक पातं हातात धरून समोरच्या पात्यावर लाकडी हातोड्याने हळू टकटक करा, पाना लावून जोर जोर करत बसू नका, शाफ्ट वाकला की संपलं. पंखा निघाला की मागं शाफ्टवर बघा. तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा धागा, दिसेल. मासेमाराच्या बोटीत नाही दिसला तर मलाच नवल वाटेल. जाळ्याचा तुटका धागा पंख्यात येतो, गुंडाळत गुंडाळत मागं सरकतो, तिथं घासून तापतो आणि वितळून शाफ्टभोवती कडक बांगडी तयार होते, नखाने खरवडली तरी निघत नाही. ती बांगडी ऑइल सीलच्या रबरी ओठात घुसते, ओठ कापला जातो आणि तिथून पाणी आत. एवढीच सगळी गोष्ट आहे, सील किरकोळ किमतीचं आणि त्याच्यापायी लोक अख्खी मोटर भंगारात देतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता दुरुस्ती. कवचावर आणि दोन्ही टोकांच्या झाकणांवर मार्करने आडवी रेघ मारा म्हणजे परत बसवताना तोंड चुकणार नाही. मागच्या बाजूने दोन लांब बोल्ट आहेत ते काढले की झाकणं सुटतात. आत चुंबकं आहेत, आर्मेचर खेचून धरतात, म्हणून बोटं सांभाळा. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, झाकण निघत नाही म्हणून कवचावर हातोडी घालू नका. ती चुंबकं फेराइटची असतात, मडक्याइतकी ठिसूळ, एक ठोका चुकीचा बसला की तडकतात किंवा चिकटवलेली जागा सोडतात. रबरी हातोडीने झाकणाच्या कडेवर, तेही फिरवत फिरवत.

आर्मेचर बाहेर आलं की साध्या स्वच्छ पाण्याने चिखल धुवा, मग काँटॅक्ट क्लीनर मारा, मग वाळवा. सोलापूरचं ऊन त्याला बेस्ट, दोन दिवस पत्र्यावर ठेवा, पावसाळ्यात असाल तर १०० वॉटच्या बल्बखाली झाकून ठेवा. कम्युटेटर बारीक पॉलिश पेपरने, ४०० किंवा ६०० नंबरच्या, गोल फिरवत साफ करा. काळा एमरी पेपर वापरू नका, त्याची भुकटी करंट वाहते आणि फटीत अडकली की परत तीच बोंब. पट्ट्यांमधल्या फटी हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने अलगद कोरून काढा. मग मल्टीमीटर घ्या, एक पिन कम्युटेटरच्या पट्टीवर, दुसरी आर्मेचरच्या लोखंडावर. काहीच दाखवलं नाही पाहिजे. बीप वाजला तर वाइंडिंग बॉडीला लागलंय असं समजा. त्यानंतर एकदा वाइंडिंगवाल्याकडून ग्राउलरवर (आर्मेचर तपासायचं यंत्र) चेक करून घ्या, आतल्या आत शॉर्ट असेल तर तिथं कळेल. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या मोटारी बांधणारी माणसं आहेत, त्यांच्या हाताला हे काम नवं नाही. खराब निघालं तर बांधून मिळतं, पण बहुतेक वेळा गरज पडत नाही.

कार्बनचं मात्र नीट ऐका. पाव इंचाच्या खाली झिजला असेल तर बदला, स्प्रिंग गंजून लाल झाली असेल तर ती पण बदला. आणि दुकानदार मिक्सरचा किंवा ड्रिल मशीनचा कार्बन घासून देतो म्हणाला तर घेऊ नका. तो २३० व्होल्टचा, थोड्या अँपिअरचा. आपली मोटर १२ व्होल्टवर ५० अँपिअरपर्यंत ओढते, तिला तांबं मिसळलेला कार्बन लागतो, गाडीच्या सेल्फमध्ये असतो तसा तांबूस दिसणारा. मिक्सरचा कार्बन टाकला की तोच तापतो, होल्डर वितळवतो, आणि मग तुम्ही म्हणणार रिपेअर करून पण जळाली.

सील बदलताना आधी जुन्याचा फोटो काढून ठेवा, कुठलं तोंड कुठं होतं ते. कंपनीप्रमाणे एक किंवा दोन सील असतात. पाणी आत येऊ नये म्हणून जे असतं त्याची स्प्रिंगवाली बाजू पाण्याकडे, हे उलटं बसवलेलं मी इतक्या वेळा बघितलंय की विचारू नका. अमेरिकन मोटरी इंचाच्या मापात असतात, म्हणून नुसता सीलचा नंबर सांगून फोनवर मागवू नका, जुनं सील आणि आर्मेचर दोन्ही घेऊन दुकानात जा, व्हर्नियर लावून घ्या. शाफ्टवर जिथं ओठ फिरतो तिथं नखाला खाच लागते का बघा. लागली तर नवीन सील पण महिन्यात गळणार. हलकी खाच असेल तर सील अर्धा पाऊण मिलिमीटर पुढं मागं बसवून ओठाला नवी जागा मिळते, खोल असेल तर लेथवाल्याकडून बारीक स्लीव्ह चढवून घ्या. बसवताना ओठाला ग्रीस, कोरडं सील पहिल्या मिनिटात जळतं. ओ रिंग सगळ्या नवीन टाका, बोल्टच्या डोक्याखालच्या छोट्या पण, त्या विसरतात लोक.

जोडताना कार्बन मागं दाबून धरायला बारीक तारेचे दोन चाप करा, आर्मेचर कार्बनच्या प्लेटमध्ये आधी बसवा, चाप काढा, आणि मग त्या जोडीवर कवच सरकवा. पातळ वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने, एक कमी पडला की आर्मेचर मागं पुढं खेळतं आणि नवीन कार्बन खातं.

शेवटची टेस्ट कोणी करत नाही, तुम्ही करा. वरून नळीतून वायर खाली मोटरीत येते ना, त्या नळीच्या तोंडाला रबरी बूच लावून सायकलच्या पंपाने अगदी हलकी हवा भरा, ५ पीएसआयच्या वर जाऊ नका, आणि मोटर पाण्याच्या बादलीत धरा. बुडबुडा आला नाही तर धरणात सोडा. आला तर कुठून येतोय ते तिथंच दिसतं, परत खोलायला अर्धा तास जाईल पण मोटर वाचेल.

आणि इथून पुढं आठवड्यातून एकदा पंखा काढायचा. जाळं टाकणाऱ्याने तर रोज संध्याकाळी बघितलं तरी जास्त नाही.

प्रश्न : सोलापूर शहरातला शिक्षक आहे. फुगवायच्या बोटीला ५५ पौंडाची मोटर लावली, घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची (अँपिअर अवरची) ट्यूब्युलर बॅटरी वापरतो. हिशोबाने तीन तास चालायला हवी, तासाभरात दम तोडते. बॅटरी खराब आहे का? बॅटरी बोटीच्या पुढच्या टोकाला आहे आणि मागच्या मोटरीपर्यंत गीझरची उरलेली ४ स्क्वेअरची (४ चौरस मिलिमीटरची) वायर टाकलीय.

सर, बॅटरी बहुतेक चांगली आहे, हिशोबात दोन ठिकाणी गळती आहे.

पहिली गळती बॅटरीच्या आकड्यातच. १५० एएच हा आकडा २० तासांच्या हिशोबाने लिहिलेला असतो, म्हणजे साडेसात अँपिअरने २० तास. तुम्ही फुल स्पीडला ५० अँपिअर ओढता तेव्हा शिशाची बॅटरी तेवढी देऊ शकत नाही, बरंच कमी देते. शिवाय तिला निम्म्याच्या खाली उतरवली तर आयुष्य कमी होतं. म्हणून फुल स्पीडला एक तास सव्वा तास हे बरोबरच आहे. स्पीड निम्म्यावर आणा, अँपिअर एकदम कोसळतात, कारण बोटीला वेग वाढवायला लागणारी ताकद फार झपाट्याने वाढते. थोडं हळू गेलात तर दुप्पट तिप्पट वेळ मिळतो. थांबून अर्ध्या तासाने मल्टीमीटर लावा, १२.७ च्या आसपास म्हणजे फुल, १२.२ म्हणजे निम्मी, तिथून परत फिरायचं.

दुसरी गळती ती वायर. ४ स्क्वेअरच्या तांब्याच्या वायरीला किलोमीटरला साधारण ४.६ ओहम रेझिस्टन्स. बॅटरी ते मोटर पाच मीटर असेल तर जाऊन येऊन दहा मीटर, म्हणजे ०.०४६ ओहम, आणि ५० अँपिअरला २.३ व्होल्ट वायरीतच गेले! १२ मधले २.३ हो. मोटरीला मिळतात जेमतेम साडेनऊ आणि वायरीत ११५ वॉट नुसती उष्णता. गीझरला चालते कारण तिथं २३० मधले दोन गेले तर काही कळत नाही. १६ स्क्वेअरची घ्या, तेवढ्याच लांबीला अर्ध्या व्होल्टच्या जरा वर जातात. त्यापेक्षा सोपं, बॅटरी मागं मोटरीजवळ ठेवा आणि वजन सावरायला माणसं पुढं बसवा. बॅटरीच्या प्लसला ६० अँपिअरचा डीसी ब्रेकर लावा, घरातला एसी एमसीबी नको, डीसीचा स्पार्क तो नीट तोडत नाही. बॅटरीच्या टोकांना विंग नट असतील तर ते काढून साधे नट स्प्रिंग वॉशर घालून आवळा, हाताने आवळलेला नट हलतो आणि शिसं वितळतं.

प्रश्न : माढा तालुका. मोटर फक्त पाच नंबरला चालते, एक ते चार आणि रिव्हर्स सगळं मेलंय.

भाऊ, स्पीड कॉइल गेली. पाच स्पीड असलेल्या मोटरीत फुल स्पीडला बॅटरी डायरेक्ट लागते, खालच्या स्पीडला मध्ये कॉइल येते ती व्होल्टेज खाते. कॉइल तुटली की फक्त डायरेक्ट उरतं. मोटर खोलायच्या आधी वरच्या डोक्यातला स्विच पण बघून घ्या, एखादी क्लिप काळी पडून निसटली असेल तर फुकटात काम होतं. तुमच्या मोटरीत रिव्हर्सचे नंबर पण त्याच कॉइलमधून जात असतील म्हणून ते पण बंद. बऱ्याच मॉडेलमध्ये कॉइल खाली मोटरीच्या कवचातच असते म्हणजे पाण्याने थंड राहते, आणि मोटर पाण्याबाहेर चालवून दाखवायची सवय असते ना लोकांना, त्यात ती तापते. बादलीत धरून दाखवा. स्टेपलेस हँडलवाल्या मोटरीत कॉइल नसते, इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो, तो गेला तर बोर्डच बदलायचा.

प्रश्न : इंदापूरच्या बाजूने हिवाळ्यात पर्यटकांना रोहित पक्षी दाखवतो. आवाज नको म्हणून ही मोटर घेतली, पक्षी खरंच उडत नाहीत. पण पंख्याची पिन वाकते, दोनदा तर पिनेच्या जागी खिळा कापून बसवला. चालतं का?

खिळा टाकू नका दादा. मऊ खिळा असेल तर लगेच तुटतो आणि पंखा फुकट फिरतो, कडक असेल तर तुटतच नाही आणि मग दगडाचा दणका शाफ्टला बसतो. शिवाय लोखंडी खिळा पाण्यात गंजून फुगतो, नंतर निघत नाही, ड्रिल मारावं लागतं. स्टेनलेसची त्याच जाडीची गोल सळई लेथवाल्याकडून कापून घ्या, चार पाच करून ठेवा, सोबत एक पाना, एक जादा नट आणि वॉशर, सगळं एका डबीत बोटीतच. नट बसल्यावर पाव आटा अजून फिरवा, बास. जास्त आवळला की प्लॅस्टिकचा पंखा चिरतो.

पिन वारंवार वाकते याचा अर्थ तुम्ही उथळात जाताय. हिवाळ्याअखेरीस पाणी उतरायला लागतं, उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे वापरायचं पाणी संपलं, की बुडालेलं पळसदेवचं देऊळ वर येतं, तसे जुन्या बांधांचे दगड आणि बाभळीची खुंटं पण वर येतात आणि जी वर येत नाहीत ती पंख्याला लागतात. तिथं मोटर वर घ्या आणि बांबूने ढकला. पक्ष्यांच्या जवळ तसंही बांबूच बरा.

प्रश्न : पॉलिटेक्निकची विद्यार्थिनी, सोलापूर. काकांची मोटर प्रोजेक्टला खोलून जोडली, आता घरघर आवाज येतो आणि हाताने पंखा फिरवला तर एका जागी अडकतो.

ताई, प्रोजेक्टला हा विषय घेतलास हे वाचून बरं वाटलं. परत खोल आणि कवचाच्या आत बोट फिरव. चुंबकाचा कोपरा तुटून आर्मेचरला घासत असेल, किंवा पूर्ण चुंबक सरकलं असेल. आर्मेचरवर एका पट्ट्यात चमक दिसेल, तोच पुरावा. सरकलं असेल तर जागा साफ करून चांगल्या एपॉक्सीने परत चिकटव, पण दिशा बदलू नकोस, नाहीतर मोटरीला जोर येणार नाही. तुकडा पडला असेल तर सगळा चुरा चिकटपट्टीने उचलून घे, चुंबकाचा चुरा फुंकून जात नाही. दोन्ही ठीक असेल तर बेअरिंग किंवा बुश बघ, पाणी गेलेल्या मोटरीत बेअरिंग गंजतंच. त्याच्यावर नंबर कोरलेला असतो, तो कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळेल.

प्रश्न : करमाळा तालुका. पलीकडच्या काठाला जायला रस्त्याने लांबचा फेरा पडतो. या मोटरीवर सहा सात माणसं पलीकडे नेता येतील का?

नाही. हे मी फिरवून फिरवून सांगणार नाही. ५५ पौंड म्हणजे फक्त २५ किलोचा रेटा, हलक्या बोटीला शांत पाण्यात ताशी सात आठ किलोमीटर. वळवाचं वारं सुटलं तर भरलेली बोट ही मोटर वाऱ्याविरुद्ध धरूच शकत नाही, बोट आडवी होते आणि लाट कडेवरून आत येते. मे २०२४ मध्ये कुगाव ते कळाशी जाताना वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले, ते तुमच्याच भागातलं आहे, मी वेगळं काय सांगू. ही मोटर मासे धरायला, पक्षी बघायला, काठाकाठाने फिरायला आहे. तेव्हा पण प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट, अंगात, सीटखाली नाही, आणि वल्ही बोटीत पाहिजेतच. दुपारनंतर आभाळ काळं दिसलं की बोट काढायचीच नाही.

प्रश्न : भीमानगर. पावसाळ्यात चार महिने मोटर वापरत नाही. कशी ठेवू?

पंखा काढून शाफ्ट पुसा, तंगूस आणि जलपर्णीची मुळं काढा, पिनला आणि शाफ्टला वॉटरप्रूफ ग्रीस लावून पंखा हलका आवळून ठेवा. मोटर उभी टांगा, पंखा खाली, म्हणजे नळीत साठलेला ओलावा सीलवर येऊन बसला तरी तुम्हाला खाली थेंब दिसेल आणि सील गेलंय हे सीझनच्या आधीच कळेल. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका, तिथल्या उकाड्याने वायरीचं आवरण कडक होऊन तडकतं, घरात कोपऱ्यात ठेवा. दोन महिन्यांनी एकदा पंखा हाताने दहा बारा वेळा फिरवा, सीलचा ओठ शाफ्टला चिकटून बसत नाही. बॅटरी फुल चार्ज करून वायर सुटी करून ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्जिंगला लावा. लेव्हल उतरली असेल तर डिस्टिल्ड वॉटरच टाका, बोअरचं किंवा नळाचं नको, आपल्याकडच्या पाण्यातले क्षार प्लेटांवर बसतात.